पालखी कोणाची, खांदा कोणाचा? सरकारी महामंडळाच्या खुर्चीवरील राजकारण्यांचा इतिहास

१/
परळच्या भोईवाड्याच्या नावातच वाहतुकीचा इतिहास दडलेला आहे. भोई म्हणजे पालखी वाहणारा. पुष्कळ ठिकाणी मासेमारी करणाराही. पालखीत बसणारा वेगळा आणि तिला खांदा देणारा वेगळा, ही विभागणी या शब्दाच्या पोटातच आहे. प्रस्तुत धागा त्याच विभागणीविषयी आहे. महाराष्ट्रातील सरकारी महामंडळे प्रवाशांच्या तिकिटावर, करदात्यांच्या पैशावर आणि कामगारांच्या घामावर चालतात. त्यांच्या पालखीत मात्र निवडणुकीच्या राजकारणातील मंडळी आलटूनपालटून बसत आली आहेत.

२/
आमदार किंवा मंत्री एसटीचा अथवा सिडकोचा अध्यक्ष होतो, तेव्हा नेमके काय बिघडते? ‘राजकारणी भ्रष्टच असतात’ हे उत्तर सोपे आहे आणि आळशीही आहे. प्रामाणिक, कष्टाळू, लोकांत मिसळणारा नेता त्या खुर्चीवर बसला तरीही बिघाड होतोच. कारण आज्ञा देणारा आणि त्या आज्ञेला प्रसंगी ‘हे परवडणार नाही’ असे सुनावणारा, हे दोघे एकाच देहात वास करू लागतात. मग ‘नाही’ म्हणणारा कोणी उरतच नाही. हा दोष स्वभावाचा नसून रचनेचा आहे आणि रचनेचा दोष इतिहासातूनच उलगडतो.

३/
या प्रश्नाकडे पाहण्यासाठी भोईवाडा, परळ, लालबाग ही उत्तम जागा आहे. गिरणगावातील असंख्य कुटुंबांची मुळे कोकणात. चाकरमान्याचे आयुष्य गिरणीच्या भोंग्याइतकेच गावाच्या वाटेवरही बेतलेले असे. एके काळी ही वाट समुद्रातून जात असे आणि बोटी खासगी कंपन्यांच्या असत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता. प्रवास हा चैनीचा नव्हे, जगण्या-मरण्याचा विषय आहे, हे मुंबईच्या कोकणी माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

४/
पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर अशी पहिली सरकारी एसटी धावली. राज्यपुनर्रचनेनंतर हीच संस्था ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ झाली. परळचे एसटी स्थानक आजही गणपतीच्या दिवसांत गर्दीने ओसंडून वाहते. ज्या वाडीत दुसरे कोणतेही वाहन जात नाही, तेथे एसटी जाते. शाळकरी मुली, दवाखान्यात निघालेले वृद्ध, बाजाराला निघालेल्या स्त्रिया यांच्यासाठी ‘राज्य’ या अमूर्त कल्पनेचे पहिले मूर्त दर्शन म्हणजे लाल रंगाची ती गाडी होय.

५/
आता कायदा पाहू. अशा महामंडळांसाठी संसदेने १९५० साली मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम केला. त्याची दोन कलमे या धाग्याचा कणा आहेत. कलम २२ सांगते की, महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. कलम ३४ सांगते की, राज्य सरकार महामंडळाशी विचारविनिमय करून त्याला सर्वसाधारण सूचना देऊ शकते. कर्मचाऱ्यांची भरती, सेवाशर्ती आणि वेतन यांविषयीचे निर्देशही त्यांत येऊ शकतात.

६/
‘विचारविनिमय करून’ या दोन शब्दांत मोठा अर्थ भरला आहे. विचारविनिमयाला दोन पक्ष लागतात. सरकारने म्हणावे, ‘भाडे वाढवू नका’. महामंडळाने उत्तर द्यावे, ‘मग तूट तुम्ही भरा’. सरकारने म्हणावे, ‘अमुक घटकाला सवलत द्या’. महामंडळाने विचारावे, ‘प्रतिपूर्तीची रक्कम कोणत्या महिन्यात मिळेल?’ कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही झटापट होती. महामंडळ सरकारचे असावे, पण सरकारी खाते नसावे, या हेतूनेच त्याला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व दिले गेले. परिवहनमंत्रीच महामंडळाचा अध्यक्ष झाला की कलम ३४ मधला विचारविनिमय म्हणजे आरशासमोरचे संभाषण ठरते.

७/
दुसरा धागा संविधानातला. संसद सदस्यांसाठी अनुच्छेद १०२ आणि विधिमंडळ सदस्यांसाठी अनुच्छेद १९१ ‘लाभाचे पद’ धारण करण्यास मनाई करतात. या कल्पनेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. राजा खासदारांना पदे वाटून संसद खिशात घालतो, या अनुभवातून १७०१ च्या ‘अॅक्ट ऑफ सेटलमेंट’मध्ये ही मनाई आली आणि पुढे तिला अपवादांची जोड मिळाली. तत्त्व सरळ आहे: सरकारवर लक्ष ठेवणे हे ज्याचे काम, त्याने सरकारच्या ताटात जेवू नये.

८/
तत्त्वाचे पुढे काय झाले? २००६ साली उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदावरून जया बच्चन यांचे राज्यसभा सदस्यत्व गेले. पदापासून प्रत्यक्षात पैसे घेतले की नाही हे गौण, ते पद लाभ देऊ शकणारे असले तरी पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून वाद उठताच सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि त्या पुन्हा निवडून आल्या. तत्त्वाचा असा दुर्मीळ विजय झालेला दिसत असतानाच संसदेने पळवाट रुंद केली.

९/
त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून पन्नासहून अधिक पदे अपात्रतेच्या कक्षेबाहेर काढण्यात आली आणि तीही १९५९ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. राष्ट्रपती कलाम यांनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते तसेच पुन्हा संमत केले.  राज्याराज्यांत अशाच याद्या आहेत आणि महाराष्ट्र त्याला अपवाद नाही. मनाई संविधानात राहिली आणि सूट कायद्यात. व्यवहारात सूटच नियम झाली.

१०/
तिसरा धागा ९१ व्या घटनादुरुस्तीचा. मंत्रिमंडळे अवाढव्य होऊ लागल्यामुळे मंत्र्यांच्या संख्येवर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. ती १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात त्यामुळे जास्तीत जास्त ४३ मंत्री होऊ शकतात. हेतू स्तुत्य होता. परंतु इच्छुकांची भूक कायद्याने कमी होत नाही. मंत्रिमंडळाचा दरवाजा अरुंद झाल्यावर महामंडळांच्या खिडक्या अधिकच सताड उघडल्या. मराठी वृत्तपत्रांत ‘महामंडळांचे वाटप’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातील भीषणता कोणाला जाणवतही नाही. वाटप प्रसादाचे होते, लुटीचे होते. सार्वजनिक जबाबदारीचे वाटप कसे होईल?

११/
सप्टेंबर २०२४ चे उदाहरण ताजे आहे. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. मंत्रिपदाची दीर्घकाळ प्रतीक्षा करणारे महाडचे आमदार भरत गोगावले यांना एसटी महामंडळाचे अध्यक्षपद मिळाले. औरंगाबाद पश्चिमचे आमदार संजय शिरसाट यांना सिडकोचे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेली सिडको ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. नवी मुंबईच्या जमिनीचे भवितव्य तिच्या हातात आहे. डिसेंबरमध्ये हे दोघेही मंत्री झाले आणि त्या खुर्च्या पुन्हा मोकळ्या झाल्या. एवढ्या अल्पावधीत कोणाला एसटीचे वेळापत्रक किंवा सिडकोचा जमीनहिशेब समजला असेल? समजावा अशी अपेक्षा तरी कोणी बाळगली होती काय?

१२/
तथापि केवळ अल्पमुदतीच्या नेमणुकांवर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. पूर्ण कार्यकाळ मिळालेल्या नेत्याची कारकीर्द पाहू. दिवाकर रावते हे शिवसेनेच्या जुन्या फळीतील नेते, १९९१–९२ मध्ये मुंबईचे महापौर, मराठवाड्यात पक्ष रुजवणाऱ्यांपैकी एक. २०१४ ते २०१९ या काळात ते परिवहनमंत्री होते आणि एसटी महामंडळाचे अध्यक्षही. रस्त्यावरच्या चळवळीतून महापालिकेत, तेथून विधान परिषदेत, तेथून मंत्रालयात आणि शेवटी राज्यातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या प्रमुखपदी, असा हा प्रवास आहे.

१३/
रावते निष्क्रिय अध्यक्ष नव्हते. २०१७ मध्ये वातानुकूलित ‘शिवशाही’ गाड्या आल्या. त्यांतील बऱ्याच खासगी मालकांकडून भाडेतत्त्वावर घेतलेल्या होत्या. लाल गाडीला साचलेपणातून बाहेर काढण्याची इच्छा त्यात होती, हे मान्य करावे लागेल. पण भाडेतत्त्वाचा सौदा महामंडळाला फायद्याचा की तोट्याचा, याची उलटतपासणी कोणी करायची? सामान्य नियमाने परिवहन खात्याने. खाते कोणाचे? अध्यक्षांचेच. विधिमंडळात त्याविषयी प्रश्न आला तर उत्तर कोणी द्यायचे? परिवहनमंत्र्यांनी. म्हणजे पुन्हा अध्यक्षांनीच.

१४/
ऑक्टोबर २०१७ मध्ये, ऐन दिवाळीत, सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी संप केला. परळपासून पार टोकाच्या आगारापर्यंत गाड्या उभ्या राहिल्या. चार दिवसांनी, उच्च न्यायालयाने संप बेकायदेशीर ठरवल्यावर, तो मिटला. या संपात एक विचित्र दृश्य होते. मालक म्हणून वाटाघाट करणारा अध्यक्ष, कलम ३४ खाली वेतनाविषयी निर्देश देऊ शकणाऱ्या सरकारचा मंत्री आणि प्रवाशांचा लोकप्रतिनिधी, या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या. कामगारांनी दार ठोठावायचे तरी कोणते?

१५/
चार वर्षांनी हेच दृश्य अनेक पटींनी मोठे होऊन परतले. सरकार बदलले होते. परिवहनमंत्री आणि महामंडळाचे अध्यक्ष आता अनिल परब होते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. नव्वद हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची ही संस्था जवळपास साडेपाच महिने विस्कळीत राहिली. निलंबन, बडतर्फी, न्यायालयीन समिती, उच्च न्यायालयाच्या मुदती असे सर्व काही झाले. खेड्यातील मुलींची शाळा बुडाली, ती कोणत्याच ताळेबंदात नोंदली गेली नाही.

१६/
त्या संपाची मुख्य मागणी काय होती? केवळ पगारवाढ नव्हे, तर महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. त्रिसदस्यीय समितीने ते नाकारले. मागणी आर्थिकदृष्ट्या योग्य होती की नाही, हा वेगळा वाद. परंतु तिच्यामागचे तर्कशास्त्र निर्दोष होते. मंत्री आणि अध्यक्ष एकच, निर्णय मंत्रालयात, सवलतींच्या घोषणा मंत्रालयात. मग फक्त पगार देताना ‘आम्ही स्वतंत्र महामंडळ आहोत’ असे सांगणे हा दुटप्पीपणा नव्हे काय? सरकारने भिंत स्वतः पाडली होती. कामगार एवढेच म्हणाले की मग आम्हालाही आत घ्या.

१७/
यानंतरही कोणी धडा घेतला नाही. २०२५ च्या आरंभी परिवहन विभागाच्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याची अध्यक्षपदी नेमणूक झाली. ही सुधारणा म्हणून नव्हे, तर परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना डावलले गेले, या दृष्टीनेच तिची चर्चा झाली. काही आठवड्यांतच अध्यक्षपद मंत्र्यांकडे आले. त्याच एप्रिल महिन्यात कर्मचाऱ्यांच्या हाती मार्चच्या पगाराचा केवळ ५६ टक्के हिस्सा पडला, कारण सरकारकडून पुरेसा निधी आला नव्हता. ‘मंत्री अध्यक्ष असला की तिजोरी उघडते’ असे सांगणाऱ्यांनी हा महिना विसरू नये. जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे.

१८/
‘दुसरा मार्ग होता का?’ असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. होता, आणि तो कोकणातूनच जातो. १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. अर्थमंत्री होते मधु दंडवते, राजापूर मतदारसंघातून पाच वेळा निवडून आलेले समाजवादी. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे आणि १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे. कोकणात रेल्वे नेण्याचे अनेक दशकांचे स्वप्न या दोघांच्या हाती एकाच वेळी आले.

१९/
जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला बराच पैसा रोख्यांतून उभारायचा होता. अशा कंपनीच्या अध्यक्षपदी कोकणातील एखादा पराभूत किंवा नाराज नेता बसवणे किती सोयीचे झाले असते! प्रत्यक्षात फर्नांडिस यांनी रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले अभियंता ई. श्रीधरन यांना अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक नेमले. राजकारण्यांनी राजकारण्यांचे काम केले: इच्छाशक्ती, कायदेशीर चौकट, पैसा. खोदकाम त्यांनी अभियंत्यावर सोपवले.

२०/
याचे फळ कसे मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. ते सरकार नोव्हेंबर १९९० मध्येच कोसळले. १९९१ च्या निवडणुकीत खुद्द दंडवते राजापुरातून हरले. कंपनी त्यांच्या व्यक्तिगत खुर्चीला टांगलेली असती, तर तीही तेथेच कोसळली असती. परंतु २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्णत्वास गेला, तेव्हा आरंभापासून सहावे पंतप्रधान पदावर होते. नव्वदीहून अधिक बोगदे, जवळपास दोन हजार पूल आणि मधल्या काळात बदललेली इतकी सरकारे. डोंगर फोडण्यापेक्षा सरकारे ओलांडणे कदाचित अधिक कठीण होते.

२१/
तेथे राजकारण नव्हते, असे कोणी समजू नये. गोव्यातील मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले; खाजन जमिनी, वारसास्थळे, वस्त्या यांचे प्रश्न खरे होते. १९९३ मध्ये काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. पण त्या वादात बाजू स्पष्ट होत्या. कंपनी आपल्या आखणीची बाजू मांडत होती, नागरिक आक्षेप घेत होते आणि सरकार मध्ये उभे होते. मध्ये उभे राहण्यासाठी सरकारला जागा शिल्लक होती, कारण ते कंपनीच्या खुर्चीवर बसलेले नव्हते. निकाल कोणाला पटो वा न पटो, निवाडा करणारा पक्षकार नव्हता.

२२/
श्रीधरन यांनी २०२१ मध्ये स्वतः राजकारणात प्रवेश केला, भाजपतर्फे पालक्काडमधून निवडणूक लढवली आणि ते हरले. तो त्यांचा अधिकार होता. क्रम मात्र लक्षात घ्यावा. प्रथम संस्था, मग निवृत्ती, मग राजकारण. कोकण रेल्वेच्या एखाद्या स्थानकाची जागा ठरवताना त्यांना मतदारसंघ सांभाळायचा नव्हता. एसटीच्या अध्यक्षाला मात्र नवी गाडी कोणत्या आगाराला द्यायची, हे ठरवताना पुढची निवडणूक दिसणे अटळ आहे. ती न दिसण्यासाठी संत असावे लागेल आणि संस्था संतांच्या भरवशावर उभारायच्या नसतात.

२३/
या रोगाचे जगातील सर्वांत ठसठशीत रूप पाहायचे तर रशियाकडे वळावे. अनातोली चुबाइस यांनी १९९२ मध्ये खासगीकरणाची सूत्रे हलवली, उपपंतप्रधानपद भूषवले आणि १९९८ पासून दहा वर्षे ते देशाच्या वीज कंपनीचे प्रमुख होते; त्यानंतर २०२० पर्यंत ‘रोसनानो’ या सरकारी कंपनीचे. दिमित्री मेदवेदेव उपपंतप्रधान असतानाच ‘गाझप्रोम’च्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते आणि तेथून थेट राष्ट्राध्यक्ष झाले. मंत्रालय आणि कंपनी यांच्यामध्ये तेथे दार उरलेच नाही. एकच दिवाणखाना झाला.

२४/
गंमत अशी की, त्याच मेदवेदेव यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने २०११ मध्ये आदेश काढला की, मंत्र्यांनी सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळांवरून दूर व्हावे. उपपंतप्रधान इगोर सेचिन यांनी ‘रोसनेफ्त’ या तेल कंपनीचे अध्यक्षपद सोडले. आणि २०१२ मध्ये सरकारमधून बाहेर पडताच ते त्याच कंपनीचे कार्यकारी प्रमुख झाले. यातून दोन बोध मिळतात. रशियासारख्या राज्यालाही मंत्री आणि कंपनी यांच्यात अंतर हवे, हे निदान कागदावर कबूल करावे लागले. आणि मध्ये सक्तीचा विरामकाळ नसेल, तर केवळ कागद पुरत नाही. महाराष्ट्राने अजून पहिली पायरीही गाठलेली नाही.

२५/
आता आक्षेप. पहिला: सनदी अधिकारी वारंवार बदलतात, त्यांना लोकांची नाडी कळत नाही, निवडून आलेला माणूस जनतेला उत्तरदायी असतो. यातील पहिला भाग खरा आहे. म्हणूनच अधिकाऱ्याला निश्चित मुदत हवी. दुसऱ्या भागात मात्र गफलत आहे. मंत्र्याचे उत्तरदायित्व विधिमंडळापुढे असते आणि ते महामंडळाला जाब विचारण्यासाठीच आहे. तोच जाब देणारा झाला, तर उत्तरदायित्व दुप्पट होत नाही, शून्य होते.

२६/
दुसरा आक्षेप: राजकीय अध्यक्षांतही चांगली माणसे होऊन गेली. निःसंशय. पंढरपूरचे दीर्घकाळ आमदार राहिलेले सुधाकरपंत परिचारक एसटीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याविषयी पक्षभेद विसरून आदराने बोलले जाते. पण चांगला अध्यक्ष मिळाला हे नशीब, चांगली पद्धत असणे ही व्यवस्था. भोई चांगले मिळाले म्हणून पालखीत कोणालाही बसवावे, असे कोणी म्हणत नाही.

२७/
तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: राजकारण्यांना दूर ठेवा म्हणणे ही खासगीकरणाची पूर्वतयारी असते. गिरणगावाला या शंकेचे महत्त्व सांगायला नको. १९८२ च्या संपानंतर, १९८३ मध्ये, सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. २००५ मध्ये त्याच महामंडळाने ज्युपिटर, एल्फिन्स्टन, कोहिनूर अशा गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. सार्वजनिक मालकी म्हणजे लोकांची मालकी, हा भ्रम परळने चिमणीच्या सावलीत बसून गमावला.

२८/
पण या इतिहासाचा अर्थ उलटा आहे. जी संस्था मंत्रालयाची शेपूट असते, तिच्यासाठी भांडणारा आत कोणी नसतो. म्हणूनच ती विकणे सोपे जाते. तोट्यात घालणारेही तेच, तोटा दाखवून विकणारेही तेच. स्वतंत्र, सक्षम, हिशेब मागणारे संचालक मंडळ हीच सार्वजनिक मालकीची खरी राखण आहे. एसटी वाचवायची असेल, तर तिला तिच्याच ‘मालकां’पासून थोडे अंतर द्यावे लागेल.

२९/
म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विद्यमान मंत्री, आमदार, खासदार यांना महामंडळाच्या अध्यक्षपदी नेमू नये आणि पद सोडल्यावरही ठरावीक विरामकाळ असावा. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक यांना निश्चित मुदत मिळावी. कलम ३४ खालील प्रत्येक निर्देश लेखी असावा आणि तो विधिमंडळापुढे मांडला जावा. सवलतीची घोषणा करणाऱ्या सरकारने तिची रक्कम आगाऊ भरावी. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास असो वा स्त्रियांची अर्धी तिकिटे, या योजना चांगल्याच आहेत; त्यांचे श्रेय सरकारने जरूर घ्यावे, मात्र बिलही सरकारनेच चुकवावे, वाहकाच्या पगारातून नव्हे.

३०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला राजे आणि लढाया यांचे आकर्षण असते, ते योग्यच आहे. परंतु राज्य कसे चालले, हे वतनांच्या, सनदांच्या आणि नेमणुकांच्या कागदांत अधिक स्पष्ट दिसते. महामंडळे ही आजची वतने आहेत. कोणत्या साली, कोणाला, कोणत्या राजकीय अडचणीच्या बदल्यात कोणते महामंडळ मिळाले, याची यादी प्रत्येक जिल्ह्याने केली, तर महाराष्ट्राचा एक नवाच राजकीय इतिहास उभा राहील.

३१/
परळच्या स्थानकात बस लागते, तेव्हा चालक गाडी हाकतो, वाहक तिकीट फाडतो आणि प्रवासी पैसे मोजतो. ही गाडी या तिघांच्या खांद्यावर चालते. अध्यक्षपदी कोण बसले, हे त्यांपैकी कोणालाही विचारले जात नाही. निदान जो बसेल, त्याने मंत्रालयाकडे तोंड करून त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणावे, एवढी सोय १९५० च्या कायद्याने करून ठेवली होती. ती सोय परत मागणे हा या पिढीचा हक्क आहे.

(धागा समाप्त)